अण्णांची नेटवही

२००४ च्या दिवाळीला सांगलीला पोचले तेव्हा मॉनिटरवरचा झेंडूचा हार पार वाळला होता. दसऱ्याला घातलेला हार, तो कोणी काढला नव्हता. कीबोर्डवर आपट्याची दोन पानंही तशीच पडलेली. आणि हार घातला होता तो आईनं विणलेल्या क्रोशाच्या कव्हरवर. म्हणजे दसऱ्याची पूजा अण्णांनी कव्हर न काढताच केली होती. मी कव्हर उचलायला हात घातला तर ते आतून म्हणाले, "राहू दे. बिघडलाय तो."

"काय झालंय?"

"काय की. बिघडलाय एवढं खरं."

'काय की' हे उत्तर अण्णांचं नव्हे. पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. बोअरची मोटार बंद पडली तर किती वाजता पडली, आधी कसला आवाज आला, व्होल्टेज किती होतं, हे सगळं मेकॅनिकला ओळीनं सांगणार. त्यांनी विषय असा तोडला की मला पुढं विचारवेना.

आई चकल्या पाडत होती. आवाज खाली आणून म्हणाली, "काहीतरी घाणेरडं दिसतंय म्हणे त्यात. मला दाखवलं नाही. तुझा आतेभाऊ बसायचा ना संध्याकाळी, त्याचेच उद्योग असणार. ह्यांनी त्याला तोंडानं काही म्हटलं नाही, पण परवा आला तर 'आज कॉम्प्युटर बंद आहे' म्हणून दारातनंच परत पाठवला. त्यानंतर पोरगं फिरकलं नाही बघ."

आतेभाऊ मिरजेचा. सांगलीत डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, वय अठरा. कॉलेज सुटलं की आमच्याकडे चहा घेऊन तासभर कॉम्प्युटरवर बसायचा आणि मग सिटी बसनं घरी जायचा. आई बोलली तेव्हा मलाही ते पटलं, हे आज लिहायला जड जातंय. अठरा वर्षांचा मुलगा, घरात नेट. मी दुसरा विचारसुद्धा केला नाही.

रात्री सगळे झोपल्यावर कव्हर काढलं. विंडोज एक्सपी नेहमीसारखं सुरू झालं. इंटरनेट एक्सप्लोररवर क्लिक केलं. मीच होमपेज म्हणून मराठी पेपर लावून दिला होता. त्याच्या जागी एक करड्या रंगाचं शोधपान आलं. पत्त्याच्या पट्टीत 'अबाउट ब्लँक' लिहिलेलं, म्हणजे खरं तर कोरं पान यायला हवं. त्यावर जुगाराचे अड्डे, कर्जं, गोळ्या आणि पुढं जे होतं ते मी लिहीत नाही. ते पान मिटलं तर मागं दोन उघडी. ती दोन मिटली तर तिसरं. फेव्हरिट्समध्ये अण्णांनी जपून ठेवलेले दोन-तीनच दुवे होते, पंचांगाचा, हवामान खात्याचा. त्यांच्या वर-खाली परक्या नावांची रांग लागली होती. फोनची तार मी तोवर लावलेलीसुद्धा नव्हती. नेट नसताना पान येत होतं.

माझे वडील या पडद्यासमोर एकटे बसले असतील आणि एक खिडकी मिटताना दुसरी उघडत असेल, त्या वेळी आई स्वयंपाकघरातून "चहा ठेवू का" म्हणत बाहेर येत असेल, असं डोळ्यापुढं आलं. त्यांनी बहुतेक पॉवरचं बटणच दाबलं असणार. आणि मग हे कुणाला सांगायचं? मुलीला? पुण्याला फोन करून?

ऑफिसातल्या एका मित्रानं निघताना सीडी भरून दिली होती, कारण त्या काळात दिवाळीला घरी निघालेल्या प्रत्येक कॉम्प्युटरवाल्याला गावाकडे हेच काम लागायचं. सीडीवर अॅड-अवेअर, स्पायबॉट, सीडब्ल्यूश्रेडर, हायजॅकधिस ही स्पायवेअर, म्हणजे चोरून शिरणारे प्रोग्रॅम, काढायची साधनं, एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या दुरुस्त्यांचा गठ्ठा, आणि आदल्याच दिवशी, ९ नोव्हेंबरला आलेला फायरफॉक्स १.० हा ब्राउझर. सर्व्हिस पॅक एकटाच अडीचशे एमबीच्या वर. आमच्या डायल-अपवर, म्हणजे फोनच्या तारेवरून चालणाऱ्या नेटवर, तो उतरवायचा म्हटला तर पंधरा तास तरी फोन अडकून पडला असता, आणि मधे लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून.

हे जे घरात शिरलं होतं त्याला कूलवेबसर्चच्या घराण्यातलं म्हणायचे. २००३ पासून त्यानं जगभर धुमाकूळ घातला होता. त्याला तुमच्या फायली खायच्या नव्हत्या की हार्डडिस्क पुसायची नव्हती. त्याला तुमचं होमपेज हवं होतं, कारण तुम्ही त्या पानावरून कुठंही गेलात की त्या गिऱ्हाइकाचे पैसे कुणाच्या तरी खात्यात जमा व्हायचे. क्लिकमागं काही सेंट. पाठवणाऱ्याला दलाली, दलालाला वरून कुणाचे तरी. साखळी इतकी लांब की प्रत्येक जण म्हणायला मोकळा, मी फक्त जाहिरात लावली. सांगलीतल्या एका निवृत्त माणसाची तीन आठवडे झोप उडाली आणि कुणालातरी त्याचे चार-आठ आणे मिळाले असतील. हा हिशोब मला अजून सहन होत नाही.

पहिल्या रात्री माझी हार झाली. अॅड-अवेअरनं पाऊणतास खरवडून दीडएकशे वस्तू दाखवल्या, मी सगळ्या काढल्या, मशीन बंद करून चालू केलं, पान हजर. स्पायबॉट फिरवला, परत हजर. टास्क मॅनेजरमध्ये एक अनोळखी प्रक्रिया दिसली, ती मारली तर दुसरीनं तिला दोन सेकंदांत उठवून उभं केलं. दुसरी मारली तर पहिलीनं तिला. दोघी एकमेकींवर पहारा करत होत्या. सीडब्ल्यूश्रेडर खास याच घराण्यासाठी केलेला, पण या अबाउट ब्लँकच्या प्रकारापुढं त्याचंही काही चाललं नाही. पहाटे तीनला मी परत कव्हर घातलं, वर हारसुद्धा जसा होता तसा ठेवला. का ठेवला, सांगता येत नाही. अण्णांना कळू नये असं वाटलं असावं. म्हणजे माझ्याही हातून तेच होत होतं जे ते तीन आठवडे करत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मित्राला फोन लावला. आम्हाला हायजॅकधिसचा लॉग वाचायचा होता. हा छोटासा प्रोग्रॅम नेदरलँड्समधल्या मेरैन बेलेकोम नावाच्या विद्यार्थ्यानं लिहिला आणि फुकट वाटला. त्याचा मोठेपणा असा की तो स्वतः काहीच ठरवत नाही. ब्राउझरला जिथं जिथं काही चिकटवता येतं त्या सगळ्या जागांची यादी काढून समोर ठेवतो, आणि यातलं घरचं कोण, परकं कोण, ते तुम्ही ओळखायचं. ओळीच्या सुरुवातीला खूण असते. आर-झिरो आणि आर-वन म्हणजे होमपेज आणि शोधपान. ओ-वन म्हणजे होस्ट्स फाइल, साइटचं नाव आणि तिचा पत्ता यांची मशीनमधली यादी. ओ-टू म्हणजे ब्राउझरला जोडलेले मदतनीस, ओ-थ्री टूलबार, ओ-फोर म्हणजे मशीन सुरू होताच आपोआप उठणारे. ओ-सिक्स्टीन म्हणजे वेबपानांवरून उतरवलेले ॲक्टिव्हएक्सचे तुकडे. मी फोनवर एकेक ओळ वाचत होते आणि तो पलीकडून "राहू दे", "ह्याला टिक कर", "स्पेलिंग परत सांग" म्हणत होता. अण्णा समोरच्या खोलीत पेपर तोंडासमोर धरून बसले होते. पान मात्र उलटत नव्हते.

होस्ट्स फाइल नोटपॅडमध्ये उघडली. तिच्यात कामाची एकच ओळ असायला हवी, १२७.०.०.१ हा पत्ता आणि पुढं लोकलहोस्ट, म्हणजे आपलंच मशीन. आमच्या फाइलमध्ये त्याखाली कितीतरी ओळी. अँटीव्हायरसवाल्यांची, स्पायवेअर काढायची साधनं देणाऱ्यांची, सगळ्यांची नावं, आणि प्रत्येकापुढं पत्ता तोच, १२७.०.०.१. मदत मागायला जिथं म्हणून जावं, तिथून वाट फिरून आपल्याच दारात. अण्णांनी समजा कुणाला विचारून औषध शोधायचं ठरवलं असतं, तरी ते त्यांना सापडलं नसतं.

आणि खरा मालक कुठं लपला होता ते मित्रानं ओळखलं. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीत, 'ॲपइनिट डीएलएल्स' नावाची एक जागा आहे. तिथं ज्या फाइलचं नाव असेल ती, खिडकी उघडणारा कुठलाही प्रोग्रॅम सुरू झाला की त्याच्यासोबत आत शिरते. इंटरनेट एक्सप्लोरर सुरू केला तरी, कॅल्क्युलेटर सुरू केला तरी. रजिस्ट्री तपासायचा रेजएडिट सुरू केला तर त्याच्यातही ती असतेच, आणि तिथं बसून आपलं नाव त्याला दिसू देत नाही. मी तीनदा पाहिलं, जागा रिकामी दिसत होती. मित्र म्हणाला, "त्या वरच्या 'विंडोज' नावाच्या फोल्डरचं नाव बदल, काहीही दे, आणि मग आत बघ." नाव बदललं. आत आठ-नऊ अक्षरांचं एक अर्थहीन नाव उमटलं, पुढं डीएलएल. नेट नसतानाही येणारं ते करडं पान या फाइलच्या पोटातच होतं. मी फोनवर ओरडलेच. अण्णा उठून दारात आले.

तिथून पुढचं काम सरळ होतं. सिस्टिम रिस्टोअर बंद केलं, नाहीतर विंडोज आपल्याच तिजोरीतून तो रोग परत काढून देतं. मशीन बंद करून चालू करताना एफ-एट दाबत राहिले, सेफ मोड आला, काळा पडदा, चारी कोपऱ्यांत 'सेफ मोड' आणि मधे भल्या मोठ्या अक्षरांचे आयकॉन. विंडोजच्या सिस्टिम-३२ फोल्डरमधली ती फाइल काढली, तिची भावंडं काढली, होस्ट्समधल्या ओळी पुसल्या, टेम्पररी फाइली रिकाम्या केल्या, हायजॅकधिसमध्ये खुणा केलेल्या ओळींवर 'फिक्स' म्हटलं. या सगळ्यात तास गेला. परत साध्या मोडमध्ये आले, एक्सप्लोरर उघडला. कोरं पान. खरंखुरं पांढरं, कोरं. आम्ही दोघं त्या पांढऱ्या पानाकडे बघत उभे राहिलो.

काढायच्या आधी मी एक गोष्ट केली होती. ओ-सिक्स्टीनमधल्या त्या परक्या तुकड्यावर राइट क्लिक करून त्याची जन्मवेळ पाहिली होती. मला आतेभावाविरुद्ध पुरावा हवा होता, दुसरं कारण नव्हतं. १८ ऑक्टोबर २००४, सकाळी ११ वाजून १७ मिनिटं. सिस्टिम-३२ मधल्या दोन परक्या फायलींची वेळही तीच. (स्पायवेअर वाटेल ती तारीख स्वतःवर लिहू शकतं, पण तीन ठिकाणी एकच मिनिट, आणि इंटरनेट एक्सप्लोररच्या हिस्टरीतही तेच.)

मी अण्णांना म्हटलं, "अठरा ऑक्टोबर, सकाळी सव्वाअकराला आलंय हे."

अण्णा काही न बोलता टेबलाच्या खणाकडे वळले आणि त्यांनी नेटची वही काढली.

ही वही मी आधी पाहिली होती, पण नीट कधीच नाही. दोनशे पानी, उभी. डायल-अपचे तास विकत घ्यायचे असत, शिवाय फोनचं बिल वेगळं, म्हणून अण्णांनी पहिल्या दिवसापासून हिशोब ठेवलेला. पट्टीनं आखलेले पाच रकाने, तारीख, लागला, तुटला, मिनिटं, कशासाठी. लाल शाईनं महिन्याची बेरीज. खात्यातल्या पाणीपाळीच्या नोंदवहीसारखीच मांडणी. त्यांनी बोट खाली नेत नेत ती ओळ काढली आणि वही माझ्यापुढं धरली.

१८/१०, सोमवार. ११.०५. ११.२२. १७ मि. पेपर (मंत्रिमंडळ).

सोमवारी अकराला आतेभाऊ वर्गात असतो. विधानसभेचा निकाल १६ तारखेला लागला होता, मुख्यमंत्री कोण याचा घोळ चालू होता, आणि आमच्या जिल्ह्याला त्याहून मोठा प्रश्न होता की तासगावच्या आर. आर. आबांना काय मिळणार. घरी येतो त्या पेपरात सांगलीच्या बातम्या, पण मुंबईत काय शिजतंय ते वाचायला अण्णा मुंबईची आवृत्ती नेटवर उघडायचे. त्या दिवशी एका पानावरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या पानावर गेले होते.

"मीच होतो," अण्णा म्हणाले. मग थोड्या वेळानं, "मी नो म्हटलं होतं गं. तीनदा म्हटलं. परत परत विचारत होतं, येस म्हटल्याशिवाय पुढं जाता येणार नाही असं काहीतरी यायचं. मला वाटलं फॉन्टचं असेल. तू लिहून दिलंयस ना."

सीपीयूच्या अंगाला सेलोटेपनं चिकटवलेला कागद त्यांनी दाखवला. माझं अक्षर. अण्णांसाठी मोठं, सुटं काढलेलं.

१. नेट लावा. २. पेपर उघडा. ३. फॉन्टचं विचारलं की येस म्हणा.

आज फोनवर मराठी आपोआप दिसतं, त्यामुळं ही तिसरी ओळ कशाला लिहावी लागली हे नव्या मुलांना सांगावं लागेल. तेव्हा वेबवर मराठीला एक घर नव्हतं. सगळ्या लिप्यांसाठी एकच संकेत असलेलं युनिकोड होतं, विंडोज २००० पासून देवनागरीही होती, पण एक्सपीवर ती चालू करायला कंट्रोल पॅनेलमध्ये खोल जाऊन 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'च्या चौकोनात खूण करावी लागे आणि मूळ सीडी मागितली जाई. त्यामुळं बहुतेक मराठी साइट्स आपापला फॉन्ट वापरत. शिवाजी वेगळा, किरण वेगळा, प्रत्येक पेपराचा आणखी वेगळा. फॉन्ट नसेल तर 'महाराष्ट्र' या शब्दाच्या जागी इंग्रजी अक्षरं, आकडे आणि फ्रेंचसारख्या टोप्या घातलेली चिन्हं यांची खिचडी दिसायची. मग साइट विचारणार, फॉन्ट उतरवू का, अमुक बसवू का. येस म्हटलं की बातमी उमटायची. नो म्हटलं की खिचडी.

आपल्या भाषेत चार ओळी वाचायच्या तर आधी परक्याला घरात घ्यायला हो म्हणायचं, अशी सवय त्या वर्षांनी आपल्या आईबापांना लावली. इंग्रजी पेपर वाचणाऱ्याला हे कधी करावं लागलं नाही. इंटरनेट एक्सप्लोररची ती करडी 'सिक्युरिटी वॉर्निंग' फॉन्टलाही तीच आणि या चोरालाही तीच, तशीच चौकट, खाली तसेच येस, नो आणि मोअर इन्फो. मजकूर इंग्रजीत. अण्णांचं इंग्रजी खात्याच्या पत्रव्यवहारापुरतं चांगलं होतं, पण 'डू यू वाँट टु इन्स्टॉल अँड रन' यातून धोका कुणाला वाचता आला असता? अण्णांनी तीनदा नो म्हटलं होतं. चौथ्यांदा त्यांनी माझं ऐकलं.

मी त्यांना हे सगळं सांगितलं. की हा दोष तुमचा नाही, दाराला कडीच नव्हती, आणि जी होती ती काढायला मी सांगितलं होतं. ते ऐकत होते, पण त्यांचं लक्ष दुसरीकडं होतं. मग म्हणाले, "मी तार काढून ठेवली होती. तार काढली तरी ते येत होतं. म्हणून मला वाटलं, बाहेरनं नाही आलेलं. घरातल्याच कोणीतरी ठेवलंय."

तीन आठवडे त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं ते या एका वाक्यात मला कळलं. तर्क चुकीचा नव्हता. तार काढल्यावर नळ बंद व्हायला हवा, नाही झाला, म्हणजे टाकी घरात आहे. टाकी घरात होतीच. सिस्टिम-३२ मध्ये. ती भरली कोणी एवढंच त्यांना माहीत नव्हतं, आणि घरात त्यांच्याशिवाय कॉम्प्युटरवर बसणारं एकच माणूस होतं.

पाडव्याला सकाळी अण्णांनी लुना काढली. मी मागं बसले, मांडीवर फराळाचा डबा. मिरजेला आत्याकडे आम्ही दरवर्षी भाऊबीजेला जायचो, या वर्षी एक दिवस आधी आलेलो बघून आत्या गोंधळली. आतेभाऊ बाहेर येऊन पाया पडला आणि आत जायला वळला. अण्णांनी त्याला थांबवलं. मी आजवर अण्णांना कुणा लहानाची माफी मागताना पाहिलेलं नव्हतं. ते म्हणाले, "कॉम्प्युटरमध्ये घाण आली होती. मला तुझा संशय आला. ती माझ्या हातनं आली होती, तारखेनिशी सापडलंय. चुकलं माझं."

तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, "मामा, मला वाटलं माझ्याच हातनं झालं. मी आदल्या आठवड्यात एक स्क्रीनसेव्हर उतरवला होता. धबधब्याचा. तुम्ही दारातनं परत पाठवलं तेव्हा मला वाटलं त्यातनंच काहीतरी आलं असणार. म्हणून आलो नाही."

आत्या विचारत राहिली, अरे काय झालंय मला कोणी सांगेल का. कुणीच सांगितलं नाही. अण्णांनी त्याला संध्याकाळी घरी यायला सांगितलं आणि तो आला. फायरफॉक्स त्यानंच टाकला, सर्व्हिस पॅक त्यानंच चढवला. 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'च्या चौकोनात खूण करायची राहिली होती, तीही त्यानं केली. मी सीपीयूवरचा कागद काढून टाकला.

त्यानंतर हे जग भराभर बदललं. मायक्रोसॉफ्टनं त्याच डिसेंबरात जायंट नावाची स्पायवेअर काढणारी कंपनी विकत घेतली आणि जानेवारीत तिचं साधन फुकट द्यायला सुरुवात केली, पुढं त्याचंच डिफेंडर झालं. हायजॅकधिस २००७ मध्ये ट्रेंड मायक्रोकडे गेला. मराठी पेपर एकेक करत युनिकोडवर आले आणि फॉन्टचा प्रश्न विचारणारी ती चौकट बंद झाली. नोव्हेंबर २०११ मध्ये एफबीआयनं एस्टोनियातली एक टोळी उघडकीला आणली. तिनं शंभरावर देशांतल्या चाळीस लाखांहून जास्त मशीनांचे डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारे सर्व्हर, फिरवून ठेवले होते. लोक बरोबर पत्ता टाइप करत आणि भलतीकडेच पोचत. टोळीच्या सर्व्हरांच्या जागी तात्पुरते चांगले सर्व्हर चालवले गेले, ते ९ जुलै २०१२ ला बंद होणार होते, आणि आपल्याकडच्या पेपरांत 'इंटरनेट बंद पडणार' अशा बातम्या आल्या होत्या. त्या आठवड्यात अण्णांचा सकाळी सातला फोन. "पेपरात दिलेलं ते तपासायचं पान उघडलं. हिरवं आलं. हिरवं म्हणजे ठीक ना? आणि तुझ्या आत्याकडचं पण बघायला सांगितलंय, त्यांचं पण हिरवं."

आता आईच्या फोनवर हाच प्रकार वेगळ्या वेशात येतो. कुठल्याशा रेसिपीच्या पानानं 'नोटिफिकेशन दाखवू का' म्हणून विचारलेलं असतं, तिनं 'अलाऊ' केलेलं असतं, आणि मग दिवसभर वरून 'तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस' असं घसरत येतं. काढायला अर्धं मिनिट लागतं. क्रोमच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनच्या यादीतून ती साइट काढायची, झालं. आई लगेच फोन करते, लाजत नाही, चिडते मात्र. आतेभाऊ मिरजेतच आहे, शेजारपाजारचे फोन त्याच्याकडेच येतात. तो आधी फोन हातात घेतो, मग माणसाला बसायला सांगतो, आणि 'तुम्ही काय केलंत' असं कधीही विचारत नाही. 'ह्यानं काय विचारलं होतं तुम्हाला' असं विचारतो. मी हे त्याच्याकडून घेतलंय.

अण्णांची नेटवही माझ्याकडे आहे. २००४ च्या दिवाळीपर्यंत तिच्यात पाच रकाने आहेत. पाडव्यानंतरच्या पानापासून मिनिटांच्या पुढं जागा करून सहावा रकाना आखलाय, त्यावर मथळा, 'विचारलं / उत्तर'. बऱ्याच दिवसांपुढं आडवी रेघ आहे. २ डिसेंबरच्या ओळीत, गुरुवारी, बारीक अक्षरात लिहिलंय.

विचारलं: काहीतरी बसवू का. नो. परत विचारलं: नो. परत विचारलं: तार काढली.